कोब्याच्या पोटातले तेज

घराला रंग द्यायचे ठरले, की रंगाऱ्याच्या आधी सल्लागार येतात. त्यांची नजर भिंतींवर फार वेळ टिकत नाही, ती लगेच खाली जाते. ‘अजून कोबाच ठेवलाय?’ या प्रश्नात काळजी कमी आणि कीव जास्त असते. शेणाने सारवलेली जमीन, मग कोबा किंवा शहाबादी, त्यानंतर मोझॅक आणि आता व्हिट्रिफाइड टाइल्स, अशी ही प्रतिष्ठेची चढती भाजणी आहे. कोबा म्हणजे घर बांधता बांधता पैसे संपल्याची खूण, असे आपण धरूनच चालतो. गंमत अशी, की पुण्या-मुंबईतल्या नव्या कॉफीच्या दुकानांत हाच राखाडी कोबा चकचकीत करून मिरवला जातो आणि त्याचे पैसे आपण कॉफीच्या बिलात मुकाट्याने देतो.

आमच्या साताऱ्याच्या घराचा कोबा १९७४ सालचा. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळे. हे नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. १९८२ च्याच जानेवारीत सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणावरून राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते, यावरून त्या करड्या भुकटीचे मोल नव्या पिढीने ताडावे. माझे वडील शाळामास्तर. परमिटाच्या पोत्यांचा हिशेब त्यांच्या वहीत रेशनच्या गव्हाच्या हिशेबाशेजारीच आहे. गवंड्याने बारीक खडीचा दीड इंची थर घातला, रंध्याने सारखा केला, ओला असतानाच वर कोरडे सिमेंट भुरभुरून थापीने घोटला आणि दुसऱ्या दिवशी मातीची आळी घालून त्यात पाणी कोंडले. पंधरा दिवस वडिलांनी त्यात कोणाला पाऊल टाकू दिले नाही, असे आई सांगते. सिमेंटला ताकद येते ती वाळल्याने नव्हे, पाणी पिऊन. वडिलांना हे रसायन ठाऊक होते, की गवंड्याचा धाक होता, कोण जाणे. पण पन्नास वर्षांनी त्या पंधरा दिवसांचे व्याज आमच्या हाती पडले.

तरीही टाइल्सचा बेत जवळजवळ पक्का झाला होता. घोटलेला पापुद्रा जागोजागी उडाला होता आणि कितीही पुसले तरी जमीन कळकटच दिसे. आड आल्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे आई. तिचे वय ८१. तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइलवर सांडलेल्या पाण्यावरून ती घसरली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हापासून चकाकणारी जमीन दिसली, की ती भिंत धरून चालते. दुसरी गोष्ट सुताराने दाखवली. कोब्यावर माल पसरून टाइल बसवायची, तर जमीन दीड-दोन इंच वर येते. म्हणजे सातही दारे खालून कापायची, उंबरे बुडवायचे आणि भिंतीतल्या कपाटांची दारे अडकली की पुन्हा सुतारालाच बोलवायचे. कोबा फोडायचा, तर राडारोडा टाकायचा कुठे?

मग कोब्यालाच पॉलिश करण्याचा विचार पुढे आला. ‘पॉलिश’ या शब्दाने आपली थोडी दिशाभूल होते. लाकडाचे पॉलिश आपल्याला माहीत असते, म्हणजे वरून काहीतरी लावायचे. कोब्यावर लावायचे रंग आणि इपॉक्सीचे थरही मिळतात, पण जुन्या घरात जमिनीतून ओल वर येते आणि असा थर फुगून सुटण्याची भीती असते. कोब्याचे खरे पॉलिश म्हणजे काढत जाणे. यंत्राच्या चकत्यांना हिऱ्याचे कण बसवलेले असतात. ४० नंबरची चकती वरचा पापुद्रा खरवडते आणि ओरखडे सोडते. ८० नंबरची ते ओरखडे पुसून आपले बारीक ओरखडे मागे ठेवते. मग १५०, २००, ४००, ८००, १५००. ओरखडे इतके बारीक होतात, की प्रकाश विखरायचा थांबून सरळ परत फिरतो. त्यालाच आपण चकाकी म्हणतो. घाई करून मधला एक नंबर गाळला, तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीवर गोल रेघा दिसतात आणि पुढच्या कितीही बारीक चकत्या फिरवल्या तरी त्या जात नाहीत. मोझॅकच्या घरात वाढलेल्यांना ते घरघरणारे यंत्र, कार्बोरंडमचे दगड आणि पांढरट राड आठवत असेल. तत्त्व तेच.

फरक एका द्रवाचा. घासकाम मध्यावर आले, की कोब्याला सिलिकेटचे पाणी पाजतात. ठेकेदार त्याला डेन्सिफायर म्हणतात. सिमेंट मुरताना कोब्यात थोडा चुना मोकळा राहिलेला असतो. सिलिकेट त्याच्याशी संयोग पावते आणि सिमेंटला मुळात ज्याने ताकद येते तोच चिवट पदार्थ छिद्रांत तयार होतो. जमीन पीठ सोडायची थांबते आणि पुढच्या चकत्यांना धरण्याजोगे काही सापडते.

अर्थात हे सगळे खालचा कोबा खणखणीत असेल तर. आम्ही आधी तो पारखून घेतला. पापुद्रा उडालेल्या जागी खिळ्याने जोरात ओढून पाहिले. पांढरी रेघ उठली तर ठीक, वाळू सुटली तर विषय संपला. लाकडी दांड्याने खोलीभर ठोकत गेलो. जिथे बद्द आवाज आला, तिथे थर खालून सुटला आहे असे समजायचे. अशा दोनच जागा निघाल्या, त्या फोडून भरून घेतल्या. मग फडताळाखालच्या कोपऱ्यात हातभर जागा घासून नमुना पाहिला, कारण कोब्याच्या पोटात काय आहे हे घासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. आमच्या पोटात निघाली सह्याद्रीची काळी खडी, राखाडी जमिनीवर तीळ भुरभुरल्यासारखी.

मोठे यंत्र पाण्यावर चालते, त्यामुळे धूळ उडत नाही. पण भिंतीच्या कडांना ते पोचत नाही, तिथे हातातला ग्राइंडर लागतो. पहिल्याच सकाळी एक विशीतला मुलगा नाकाला रुमाल बांधून कडा कोरड्या घासायला बसला. दोन मिनिटांत खोली दिसेनाशी झाली. मी मेन स्विच बंद केला.

‘ताई, कडा सगळेच कोरड्या घासत्यात,’ ठेकेदार म्हणाला. ‘धूळ वढायचं यंत्र माझ्याकडं न्हाई. पुण्याहून भाड्यानं आणावं लागंल, दोन दिवस जात्याल.’

‘जाऊ देत. भाडं मी देते. तोवर कडा राहू देत.’

ही माझी सोवळेगिरी नव्हती. खडी बेसाल्टची असली, तरी वाळूत गारगोटीचा अंश असतो. तिची डोळ्यांना न दिसणारी भुकटी फुफ्फुसात जाऊन बसली, की तिथले मांस कठीण होत जाते आणि श्वास आखडत जातो. याला सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही, आणि रुमालाने ती भुकटी अडत नाही. आपल्यापैकी अनेकांनी ज्या पाटीवरच्या पेन्सिलीने ‘ग म भ न’ गिरवले, ती पेन्सिल मध्य प्रदेशातल्या मंदसोरला बनत असे. तिथल्या कामगारांची फुफ्फुसे याच रोगाने गेली, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांच्या तपासण्या करून ते नोंदवून ठेवले आहे. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून बंदी घातली, तीही या रोगापायीच. घरमालकाने अंदाजपत्रक मागतानाच ‘कडांची धूळ कशी ओढणार?’ हे विचारावे. ग्राइंडरवर तांब्याने पाणी ओतणे हा उपाय नव्हे, त्यात विजेचा धक्का बसायची भीती. धूळ ओढणारे झाकण, व्हॅक्यूम आणि गाळणीचा घट्ट मास्क, एवढे लागतेच. यंत्राखालून निघणारी राडही मोरीत सोडू नये. ती नळात दगडासारखी बसते. आम्ही ती बादल्यांत निवू दिली आणि घट्ट झालेला गाळ राडारोड्याबरोबर पाठवला. त्यात सिमेंटचा क्षार असतो, म्हणून झाडांना ती घालायची नाही आणि अनवाणी पायांनी तुडवायचीही नाही.

१५० नंबर झाला तेव्हा आई पाहायला आली. ‘अगं, याहून गुळगुळीत झालं तर मी चालू कशी?’ प्रश्न रास्त होता. कोरड्या पॉलिश जमिनीवर पाय सहसा घसरत नाही, पण पाणी किंवा तेल सांडले की गोष्ट बदलते. म्हणून बैठकीची खोली १५०० पर्यंत नेली. आईची खोली, तिच्यापासून न्हाणीघरापर्यंतची वाट आणि स्वयंपाकघर २०० वरच थांबवले. तिथे आरसा नाही, मंद उजळपणा आहे आणि पायाला पकड लागते. न्हाणीघराला हातच लावला नाही. ठेकेदाराला हा अर्धवटपणा वाटला. मला वाटते, कुठे थांबायचे हे ठरवण्यातच या कामातली निम्मी अक्कल आहे. आई आता त्या वाटेवर भिंत सोडून चालते. बैठकीच्या खोलीत मात्र अजून धरते.

सगळे डाग गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जिथे वर्षानुवर्षे स्टोव्ह होता, तिथे रॉकेल इतके खोल मुरले आहे, की चार चकत्या फिरूनही काळसर वर्तुळ राहिले. दोन तडे भरले, पण त्यांच्या रेघा दिसतात. ज्यांना एकसारखी, डाग नसलेली जमीन हवी, त्यांनी टाइल्सच घालाव्यात. निगेचे म्हणाल, तर लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले की लगेच पुसायचे, कारण आम्ल कोब्यातला चुना खाते आणि तिथली चकाकी मरते. संडासाचे ॲसिड या जमिनीजवळ आणायचेही नाही. हळद आणि तेल मुरू नये म्हणून वर सीलर दिला आहे, तोही काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल. आणि रांगोळी आधी कोरडी झाडून घ्यायची, मग फडके फिरवायचे. तिची कच फडक्याखाली चकतीचेच काम करते, पण उलट्या दिशेने.

खर्च टाइल्सच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी आला, पुण्याच्या यंत्राचे भाडे धरून. हे ऐकल्यावर पलीकडच्या घरातले काका स्वतःच खिळा घेऊन आपल्या जमिनीशी बसले. त्यांचा कोबा १९९३ चा, सिमेंट मुबलक झाल्यानंतरचा. पण घातल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यावर सामान आले होते, असे काकूंनीच सांगितले. खिळा ओढला तशी वाळू सुटली आणि बोटभर खाच पडली. तिथे पॉलिशचा खर्च करू नका, असे मी सांगितले. ते आता शहाबादी घालणार आहेत. उंबऱ्यांची मापे घ्यायला आमचाच सुतार येत्या गुरुवारी त्यांच्याकडे जाणार आहे.