उदास बँडचा आनंदी शुक्रवार

आपल्या मंडळाच्या काव्यवाचनात एक गोष्ट मी बरेचदा पाहिली आहे. कविता उदास असली की ‘खोल आहे’ असं मत पडतं. आनंदी असली की ‘छान, हलकीफुलकी’ म्हणून आपण पुढच्या कागदाकडे वळतो. या सवयीशी माझं भांडण आहे, आणि त्या भांडणात एक इंग्रजी गाणं माझ्या बाजूने साक्ष देतं: द क्युअर या बँडचं ‘फ्रायडे आय’म इन लव्ह’, साल १९९२.

द क्युअर म्हणजे काळे कपडे, पिंजारलेले केस, ओठांबाहेर फिसकटलेली लिपस्टिक. इंग्लंडमधल्या क्रॉली गावातल्या शाळकरी मुलांचा हा बँड. ‘फेथ’ (१९८१), ‘पोर्नोग्राफी’ (१९८२) आणि ‘डिसइंटिग्रेशन’ (१९८९) हे त्यांचे अल्बम ऐकताना खोलीतला दिवा कुणीतरी मंद केलाय असं वाटतं. मधूनमधून ‘द लव्हकॅट्स’सारखी खोडकर गाणीही त्यांनी केली, पण लोकांनी त्यांच्यावर शिक्का मारला तो दुःखाचाच. अशा बँडचा मुख्य गायक आणि गीतकार रॉबर्ट स्मिथ एकदम प्रेमात पडल्याच्या आनंदाचं गाणं घेऊन आला. ‘विश’ या अल्बममधलं हे दुसरं सिंगल. ब्रिटनच्या यादीत ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, अमेरिकेत अठराव्या. टिम पोपने केलेल्या व्हिडिओत बँड नाटकाच्या रंगमंचावर वाजवतोय, मागे पडदे बदलतायत, सामान इकडून तिकडे फेकलं जातंय. सगळा निव्वळ धुडगूस!

शब्द पाहिले तर त्यात काय आहे? आठवड्याचे वार. शाळेत पहिलीत पाठ करतो तेवढंच. दरेक कडव्यात सोमवारपासून सुरुवात, एकेका वाराची वाईट अवस्था, आणि मग शुक्रवार. शनिवार-रविवारचीही सुटका नाही, त्यांच्याबद्दलही तक्रार आहेच. मधल्या भागात मात्र एक माणूस दिसतं: नटूनथटून आलेलं, मध्यरात्री मनापासून खाणारं. त्या माणसाला बघत बसणं हेच सुख. ना विरह, ना आणाभाका.

स्मिथ स्वतः मुलाखतीत या गाण्याला मूर्ख पॉप गाणं म्हणाला होता, आणि त्याच दमात उत्तमही म्हणाला होता. उदास गाणी आपण दिवसभर बसून लिहू शकतो, पण असले साधे, बावळट शब्द लिहायला त्याहून कितीतरी जास्त कष्ट पडतात, असंही त्याचं म्हणणं. मला हे पटतं. दुःखाला तपशील आपोआप चिकटतात. आनंद लिहायला बसलं की दोन ओळींत शुभेच्छापत्र तयार होतं. (करून बघा. मी केलंय.)

मग हे गाणं शुभेच्छापत्र का होत नाही? माझ्या मते उत्तर सुरांत आहे. कडव्यात कॉर्ड चारच: डी, जी, ए आणि बी मायनर. चर्चच्या गायकवृंदात गिटार धरणाऱ्या कुणालाही हे येतात. पहिले तीन मेजर, उजळ. चौथा एकटा मायनर, म्हणजे जरा झाकोळलेला. आता तो कुठे येतो ते ऐका. कडव्यात सोमवार, मंगळवार, बुधवार यांना शब्दांतून कितीही नावं ठेवली तरी खाली कॉर्ड उजळच आहेत. बी मायनर येतो गुरुवारवर. ध्रुवपदात तो पडतो रविवारवर. दोन्ही ठिकाणी लगेच पुढे शुक्रवार उभा असतो, आणि शुक्रवारवर सूर डी वर, म्हणजे घरी परततो. म्हणजे आनंदाच्या अगदी दाराशी एक सावली मुद्दाम ठेवली आहे. आणि घरी आल्यावरही गाणं तिथे बसत नाही, ती ओळ ए वर संपते. ए वर कान थांबायला तयार नसतो, पुढचं काहीतरी हवंच असतं. मग पुन्हा सोमवार.

ही चाल इतकी सहज आहे की स्मिथला आपण ती कुठूनतरी चोरलीय अशी शंकाच आली. तो ओळखीच्या लोकांना फोन करून ऐकवायचा आणि विचारायचा, हे आधी कुठे ऐकलंय का? कुणालाच काही आठवेना. आपली सगळ्यात साधी ओळ आपली वाटू नये, ही भीती लिहिणाऱ्या प्रत्येकाने ओळखावी अशी आहे.

शुक्रवारच का, हाही प्रश्न आहे. सरळ उत्तर म्हणजे सुट्टी लागते. पण वाराच्या नावातही गंमत आहे. इंग्रजी फ्रायडे फ्रिग या देवीवरून आलाय, आणि तो लॅटिनमधल्या व्हीनसच्या वाराचा जर्मानिक अवतार. आपला शुक्र म्हणजे तोच ग्रह, फक्त आपल्याकडे तो प्रेमदेवता नाही, असुरांचा गुरू आहे. दुसरीकडे आम्हा कॅथलिकांचा शुक्रवार प्रायश्चित्ताचा: उपवासकाळात मांस वर्ज्य, संध्याकाळी क्रुसाची वाट. स्मिथच्या क्रॉलीतल्या शाळाही कॅथलिकच होत्या. त्याने हे मनात धरून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण उपवासकाळातल्या शुक्रवारी, घरी डाळ-भात जेवून हे गाणं कानात लावलं की मला त्यात थोडा जास्त खट्याळपणा ऐकू येतो, एवढं खरं.

शेवटी गिटारवाल्यांसाठी एक सूचना. ट्यूनरवर नीट सूर लावून रेकॉर्डबरोबर वाजवायला गेलात तर जुळणार नाही. स्मिथ टेपचा वेग कमी-जास्त करून बघत होता आणि वेग पूर्ववत करायचा राहून गेला. त्यामुळे रेकॉर्डवरचं गाणं मूळ सुरापेक्षा साधारण पाव स्वर चढं आहे. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध, जिथे पट्टीच नाही. स्टेजवर बँड ते डी मध्येच वाजवतो. रेकॉर्डबरोबर वाजवायचं असेल तर सहाही तारा कानाने हळूच वर ताणा, ट्यूनर बाजूला ठेवा.