सोमवारची पोटदुखी आणि वजाबाकी

सोमवारी सकाळी ज्याचे पोट दुखते आणि रविवारी ज्याला काहीही होत नाही, असे मूल आजोबांचे बोट धरून माझ्या दवाखान्यात वरचेवर येते. गेल्या महिन्यात आलेला मुलगा चौथीतला होता. पोट मऊ, ताप नाही, वजन योग्य. ‘पहिला तास कशाचा असतो रे?’ असे विचारताच त्याने मान खाली घातली. उत्तर आजोबांनी दिले, ‘गणिताचा.’

ही पोटदुखी खोटी नसते. भीतीने आतड्यांच्या हालचाली बदलतात आणि दुखणे खरोखरच जाणवते. तेव्हा मुलाला ढोंगी म्हणू नका. प्रथम डोळे व कान तपासून घ्या. फळ्यावरचे १ आणि ९ ज्याला सारखेच दिसतात, त्याला शिकवणीआधी चष्मा हवा.

त्या मुलाला मी ५२ वजा २७ हे उदाहरण दिले. उत्तर आले ३५. हा निष्काळजीपणा नव्हता. मोठ्या अंकातून लहान वजा करायचा, हा नियम त्याने मनाशी धरला होता आणि तो प्रामाणिकपणे पाळला होता. भरलेल्या वर्गात शिक्षकांना चुकलेले उत्तर दिसते. त्यामागचा नियम शोधायला सवड नसते. शिकवणीचे खरे मोल येथे आहे. शेजारी बसून ‘हे कसे केलेस, मला सांग’ असे शांतपणे विचारणारे माणूस हवे, आणि ते आपणही होऊ शकता.

दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हाती द्या व सत्तावीस रुपये मागा. सात सुटे देण्यासाठी नोट मोडावी लागते, हे हाताला उमगले की हातच्याची वजाबाकी कोडे राहत नाही. पाव मोठा की एक तृतीयांश? चार तीनांहून मोठे, म्हणून मुले पाव मोठा म्हणतात. दोन भाकऱ्या मोडून दाखवा.

आपण पावकी-दिडकी घोकली असेल. त्यासाठी नातवाला वेठीस धरू नका. तो ‘वीस एक’ म्हणाला तर हसूही नका. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ही पद्धत आणली, कारण ‘एकवीस’मध्ये एक आधी ऐकू येतो आणि काही मुले १२ लिहून बसतात. दोन्ही नावे सांगावीत.

वीस मिनिटे पुरेत, तीही पोटात काही गेल्यावर. मुलीला लसावि शिकवताना मी एकदा आवाज चढवला, तर आठवडाभर तिने माझ्यापुढे वही आणली नाही. पुढचे काम तिच्या आजीने केले.

काही महिने धीराने शिकवूनही लहान-मोठी संख्या ओळखता येत नसेल, तर डिस्कॅल्क्युलियाची शक्यता ध्यानात घेऊन बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या. अशा विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागते. दहावीचे वर्ष उजाडेपर्यंत थांबू नका.