गहू, ज्वारी आणि ‘वाढ’ या शब्दाची फसगत

मंडळी, जानेवारी आहे आणि आपण इथे दिंडोशीत पंखे लावून बसलोय. तिकडे निफाडला याच दिवसांत पारा कधी कधी पाच अंशांखाली जातो. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, कारण थंडीने मणी तडकतात. शेजारचा गहूवाला मात्र खूश असतो! गहू संशोधन केंद्र निफाडजवळ कुंदेवाडीला आहे, ते उगाच नाही.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पिकांत शिरलो तो एका शब्दामुळे. ‘वाढ’. आपल्याकडे वजनही वाढतं आणि वयही वाढतं. आपण म्हणतो, ऊन चांगलं पडलं की पीक वाढतं. बरोबर, पण कुठलं वाढणं? उष्णतेने गव्हाचं वय वजनापेक्षा भराभर वाढतं. ओंबी बाहेर पडल्यावर पारा तिशीच्या वर राहिला, तर दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात. पीक लवकर पिकतं, दाणा मात्र चिमलेला.

2022 आठवतं? कमाल तापमानाच्या सरासरीने पाहिलं, तर तो मार्च 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गहू नेमका दाणा भरत होता. उत्पादन अंदाजापेक्षा घटलं, भाव चढले आणि 13 मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. पानांतल्या रसायनापासून परराष्ट्र व्यापारापर्यंतचं अंतर एवढंसंच आहे.

आता ते रसायन. पानात रुबिस्को नावाचं विकर असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, हे त्याचं काम. पण ते जरा धांदरट आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी कधी ऑक्सिजनच पकडतं, आणि मग ती चूक निस्तरण्यात कमावलेला कार्बन आणि ऊर्जा दोन्ही खर्च होतात. याला प्रकाशश्वसन म्हणतात. पंचवीस अंशांच्या आसपास साधारण चारांतली एक पकड चुकते. उष्णता वाढली की चुका वाढतात. गहू आणि आपल्या कोकणातला भात, दोघेही याच जातकुळीचे.

ज्वारी, बाजरी, मका यांनी वेगळी युक्ती काढलीय. पानाच्या शिरांभोवतीच्या पेशींत ती कार्बन डायऑक्साइड आधी कोंडून दाट करतात आणि मग रुबिस्कोपुढे ठेवतात. चुकायला वावच नाही. ही वाट 1966 मध्ये हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात उसावर काम करताना उलगडली. म्हणून गव्हाचं पान वीस-पंचवीस अंशांना उत्तम चालतं, ज्वारीचं तीस-पस्तीसलाही दमत नाही. कोंडण्याला जादा ऊर्जा लागते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत तीच ज्वारी मंदावते. फुकट काहीच नाही.

रात्रीचं तर आपण विसरतोच. रात्री कमाई बंद, खर्च चालू. रात्र उबदार, तर श्वसनाचा खर्च जास्त. फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेच्या शेतांवरच्या नोंदी 2004 मध्ये प्रसिद्ध झाल्या: कोरड्या हंगामात किमान तापमान एक अंशाने वाढलं, की भाताचं उत्पादन सुमारे 10 टक्क्यांनी घटलेलं.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय: हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, मग रुबिस्कोच्या चुका कमी होऊन गव्हाचं भलंच होईल ना? प्रश्न उत्तम आहे. चुका कमी होतात, खरंय. पण त्याने वजनाचा हिशेब सुधारतो, वयाचा नाही. खरिपाचं पीक निघायला उशीर झाला म्हणून डिसेंबरात पेरलेला गहू मार्चच्या उन्हात सापडला, तर त्याचे गेलेले दिवस कार्बन डायऑक्साइड परत देत नाही.