पोटात समुद्र घेणारी युद्धनौका : ‘आयएनएस जलाश्व’

१० मे २०२० रोजी ‘आयएनएस जलाश्व’ कोचीच्या धक्क्याला लागली आणि तिच्यातून ६९८ भारतीय उतरले. कोरोनाने विमाने थांबवल्यामुळे ते मालदीवमध्ये अडकले होते. त्यांत १९ गर्भवती होत्या. शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरवण्यासाठी बांधलेली ही युद्धनौका ‘समुद्र सेतू’ मोहिमेत माणसे घरी आणत होती. जे यंत्र फौज उतरवते, तेच माणसे वाचवते. अशा नौकेचे खरे मोल यातच आहे.

फौज उतरवण्याची जुनी रीत म्हणजे सपाट बुडाचे जहाज थेट वाळूवर चढवायचे आणि पुढचा दरवाजा उघडायचा. किनाऱ्याने साथ दिली तरच हे जमते. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात कॉक्स बाजारला आपल्या ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ या नौकांची वाट वाळूच्या दांड्याने अडवली. दांड्यापलीकडे पाणी खोल निघाले आणि उतरणारे काही जवान बुडाले.

जलाश्वला वाळूवर चढावे लागत नाही. ती खोल पाण्यातच थांबते. तिच्या मागच्या भागात, हेलिकॉप्टर डेकच्या खाली, सुमारे ५१ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असा वेल डेक आहे. होड्या सोडायच्या वेळी बॅलास्ट टाक्यांत समुद्राचे पाणी घेतात. नौकेची मागची बाजू हळूहळू खाली बसते, दरवाजा उघडतो आणि लाटा आत शिरतात. एरवी कोरड्या असणाऱ्या डेकवरची लँडिंग क्राफ्ट तरंगू लागतात आणि जवान, वाहने घेऊन स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडतात. काम झाले की टाक्या रिकाम्या करतात आणि नौका पुन्हा वर येते.

ही नौका मूळची अमेरिकेच्या ‘ऑस्टिन’ वर्गातली. या वर्गाच्या बारा नौका बांधल्या गेल्या आणि एकाच आराखड्यातून त्यांची किती रूपे निघाली! काहींवर ताफ्याच्या प्रमुखासाठी जादा मजला चढवला. ‘कोरोनाडो’ कमांड नौका झाली. ‘पॉन्स’ पर्शियन आखातातला फिरता तळ झाली आणि २०१४ मध्ये तिच्यावर लेझर अस्त्र बसवले गेले. आपली जलाश्व तेव्हा ‘ट्रेंटन’ होती. सिएटलला बांधलेली, मार्च १९७१ मध्ये सेवेत आलेली. जानेवारी १९९१ मध्ये सोमालियात यादवी पेटली, तेव्हा तिच्या डेकवरून दोन अवजड हेलिकॉप्टरे रात्रीच्या अंधारात मोगादिशूकडे झेपावली. अंतर सुमारे ८५० किलोमीटर. इंधन वाटेत, हवेतच भरले. त्या मोहिमेत अमेरिकी वकिलातीतून अनेक देशांच्या २८१ जणांची सुटका झाली. २००६ मध्ये लेबनॉनमधूनही तिने लोकांना बाहेर काढले.

अंदमान-निकोबारसारखी दूरची बेटे आणि २००४ च्या त्सुनामीचा अनुभव पाहता अशी नौका आपल्याला हवीच होती. २००७ मध्ये सुमारे ४.८ कोटी डॉलरला ती भारतीय नौदलात आली आणि विशाखापट्टणम तिचे घर झाले. पण जुनी नौका घेण्याच्या या स्वस्ताईची किंमत वेगळी मोजावी लागली. फेब्रुवारी २००८ मध्ये नौकेवर विषारी वायूची गळती होऊन नौदलाच्या सहा जणांचा जीव गेला. खरेदी करारातले आक्रमक वापरावरील निर्बंध आणि अमेरिकेला मिळालेला तपासणीचा हक्क यांवर देशाच्या महालेखापरीक्षकांनीही (‘कॅग’) बोट ठेवले.

एवढे असूनही जलाश्वने राबायचे थांबवले नाही. तिच्या जोडीला चार नव्या नौका देशातच बांधायची योजना मात्र दशकाहून अधिक काळ निविदांच्या फेऱ्यांत फिरते आहे. विमानवाहू ‘विक्रांत’ बांधणाऱ्या देशाला हे काम अवघड नाही. पन्नाशी ओलांडलेल्या एका नौकेवर इतका भार टाकणे योग्य नाही; तिची वारसदार आता आपल्याच गोदीत उभी राहायला हवी.