गाभ्याची प्रश्नपत्रिका

दिल्लीच्या करोल बागेतील गफ्फार मार्केटात मोबाईल फोनांच्या दुकानांची मोठी दाटी आहे. तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक अँड्रॉइड फोनाच्या अंतरंगात लिनक्स नावाचा गाभा, म्हणजे कर्नल, काम करीत असतो. स्मृती कोणाला किती द्यावयाची, पडद्याशी कोणी केव्हा बोलावयाचे, हे ठरविणारा तो कारभारी होय. परंतु हा गाभा घडविताना कोणी तरी हजारो प्रश्नांची उत्तरे दिलेली असतात, हे गिऱ्हाइकाच्या गावीही नसते.

श्रोतेहो, हे प्रश्न कसले? 1991 साली हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेला हा गाभा आज फोनापासून महासंगणकापर्यंत सर्वत्र चालतो. साहजिकच प्रत्येक यंत्रासाठी कोणता भाग घ्यावयाचा व कोणता गाळावयाचा, ते सांगावे लागते. 'होय', 'नाही', अथवा 'गरज पडेल तेव्हा जोडता येईल असा सुटा भाग', अशी ही उत्तरे असतात. आरंभी प्रश्न एकामागून एक येत. उत्तर चुकले तर मागे फिरण्याची सोय नसे, पुन्हा श्रीगणेशा करावा लागे. पुढे विषयवार याद्या आल्या, प्रत्येक प्रश्नाखाली खुलासा आला. पुष्कळ खुलाशांच्या अखेरीस 'खात्री नसेल तर नाही म्हणा' असा सल्ला असतो. सरकारी अर्जांच्या सहवासात माझी बरीच वर्षे गेली, पण इतका प्रांजळ अर्ज माझ्या पाहण्यात नाही!

एरिक रेमंड यांनी 2000 च्या सुमारास ही पद्धत समूळ बदलण्याचा घाट घातला. संगणकाचे ज्ञान नसलेल्या एका काल्पनिक टिली मावशींनाही आपला गाभा घडविता यावा, अशी त्यांची इच्छा. मावशींना ही उठाठेव हवीच कशाला, असा जाणकारांचा सवाल होता. शिवाय नव्या रचनेसाठी पायथॉन भाषेचे ओझे वाहावे लागणार होते. अखेर ऑक्टोबर 2002 मध्ये रोमन झिपेल यांची केकॉन्फिग ही व्यवस्था स्वीकारली गेली. तीत एक भाग दुसऱ्यावर कसा अवलंबून आहे, हे लिहून ठेवलेले असते, त्यामुळे विसंगत उत्तरांना बराच आळा बसतो.

माझ्या मते खरी सुलभता आली ती 2009 साली. स्टीव्हन रोस्टेट यांच्या युक्तीने माणसाऐवजी यंत्रालाच विचारावयास आरंभ केला: या घटकेला तुझे कोणते सुटे भाग कामावर हजर आहेत? तेवढे ठेवावयाचे, बाकीचे वगळावयाचे. यात एक मेख आहे. त्या वेळी कॅमेरा जोडलेला नसेल, तर त्याचा भागही गळतो. गणनेच्या दिवशी परगावी गेलेल्या माणसाचे नाव यादीतून राहावे, तसे.

फोनाच्या बाबतीत मात्र उत्तरे देतो तो उत्पादक. तथापि त्या हजारो प्रश्नांत एक प्रश्न असाही आहे: ही सारी उत्तरे गाभ्याच्याच पोटात जपून ठेवावीत काय? उत्पादकाने तेथे 'होय' म्हटले असेल, तर ती उत्तरपत्रिका पुढे चालत्या यंत्रातूनही वाचून पाहता येते.