रविवारचा अभ्यास

मी बी.ई. कॉम्प्युटर, नोकरी सॉफ्टवेअरची. सध्या रविवारी सकाळी मात्र वेगळाच अभ्यास करतोय: मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसाला सोबत कशी करायची. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी अपंगत्व योजनेत 2020 पासून हे पगारी काम आहे, नाव 'रिकव्हरी कोच'.

कोच म्हणजे डॉक्टर नव्हे. औषधं डॉक्टरांचीच चालू राहतात. कोच फक्त विचारतो, "तुला काय करायचंय?" आणि मग बसच्या तिकिटापासून बँकेच्या खात्यापर्यंत, जिथे अडेल तिथे बरोबर राहतो.

गुजरातला हे अगदी नवं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 'क्वालिटीराइट्स' कार्यक्रम 2014 पासून इथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थांत राबवला गेला. त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं केंद्र पुढे होतं. आजार स्वतः सोसलेल्यांनाच प्रशिक्षण देऊन त्यांनी इतर रुग्णांचे सोबती बनवलं. मला हे फार पटलं. ज्याने स्वतः आवाज ऐकलेत, तो दुसऱ्याला "तसं काही नसतं रे" म्हणून गप्प बसवत नाही.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. नातेवाइकांत मात्र "त्याची तब्येत जरा नरमच असते" एवढंच सांगितलं जातं, कारण मामेबहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे. (हे त्या दोघांना विचारूनच लिहितोय.)

'क्वालिटीराइट्स'चं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत आहे. त्यांची 2019 ची एक पुस्तिकाही आहे, आजारी माणसाने स्वतः भरायची: मला काय हवंय, तब्येत बिघडताना काय जाणवतं, तेव्हा इतरांनी काय करावं. भावाने पहिल्याच पानावर लिहिलं, "कारेलीबागेतून सुरसागरला एकट्याने जायचंय."

आईचा चेहरा उतरला. "आणि फोन नाही उचलला तर?"

आपल्या घरांत आजारी माणसाचं सगळं दुसरेच करतात. चहात साखर किती, हेसुद्धा त्याला कुणी विचारत नाही. प्रेमापोटीच, पण त्यात त्याचं मत विचारायची सवयच मोडते. त्यामुळे मी निकाल दिला नाही, दोघांना समोरासमोर बसवलं. तासभर वाद झाला. ठरलं ते एवढंच: पोचल्यावर एक फोन, तोही त्याने करायचा. तो गेला, फोन केला आणि चाळीस मिनिटं उशिरा सेव-उसळीचं पार्सल घेऊन परतला. आई त्या दिवशी जेवलीच नाही, पण पुढच्या रविवारी तिने त्याला कोथिंबीर आणायला सांगितली.

आता दुसरं पान चाललंय. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो 29 मे 2018 ला लागू झाला, त्याला दोन हक्क दिलेत: पुढे आजार बळावला तर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवणं आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमणं. प्रतिनिधीसाठी साध्या कागदावर सही पुरते, शिवाय त्या व्यक्तीचा लेखी होकार लागतो.

त्याने माझं नाव घातलं नाही, आईचंही नाही. मामेबहिणीचं घातलंय. म्हणाला, "तिच्यासमोर मला रडता येतं." तिने होकार लिहून दिलाय, आणि स्थळाकडच्यांना ही गोष्ट ती स्वतःच सांगणार आहे.