कुलूप नसलेला तुरुंग

जयपूरजवळचे सांगानेर आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. कोणी संघीजी मंदिराच्या दर्शनासाठी तेथे जातात, तर कापडाच्या व्यवसायातील मंडळी ठसेछपाईच्या मालासाठी. याच गावात १९६३ पासून एक तुरुंग आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तो सहसा लक्षात येत नाही, कारण तुरुंगाची म्हणून जी चिन्हे आपल्या मनात असतात ती तेथे नाहीत. उंच तट नाही, बराकी नाहीत, रात्री कोठडीला लागणारे कुलूपही नाही. लहान लहान घरे, दोरीवर वाळणारे कपडे, शाळेला निघालेली मुले असे एखाद्या साध्या वस्तीचे दृश्य तेथे दिसते. या वस्तीचे नाव संपूर्णानंद खुले बंदी शिविर.

डॉ. संपूर्णानंद यांनी उत्तर प्रदेशात १९५०च्या दशकात धरणांच्या व कालव्यांच्या कामांवर कैद्यांची खुली शिबिरे भरविण्यास प्रोत्साहन दिले होते. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि ती कल्पना तेथे रुजली. आज देशातील सर्वाधिक खुली कारागृहे राजस्थानात आहेत आणि त्यानंतर आपल्या महाराष्ट्राचा क्रमांक लागतो.

येथे येणारा कैदी किरकोळ गुन्ह्यातला असतो असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. येथील बहुसंख्य रहिवासी खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारे असतात. नियमानुसार शिक्षेचा साधारण एक तृतीयांश काळ बंदिस्त तुरुंगात काढल्यावर आणि तेथील वर्तणूक चांगली ठरल्यावरच निवड समिती त्यांचा विचार करते.

शिबिरातला दिवस पहाटेच्या हजेरीने सुरू होतो. नाव पुकारले की ‘हजर’ म्हणायचे आणि कामाला लागायचे. शासन येथे जेवण देत नाही. राहण्यास जागा मिळते. चूल मात्र ज्याची त्याने पेटवायची असते. विजेचे आणि पाण्याचे पैसेही रहिवाशांनीच भरायचे असतात. त्यामुळे प्रत्येकाला कमवावेच लागते. कोणी कारखान्यात जातो, कोणी रिक्षा चालवितो, कोणी भाजी विकतो, कोणी बांधकामावर मजुरी करतो. खुनाची शिक्षा झालेला मनुष्य एखाद्या इमारतीच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा राहतो, हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. संध्याकाळी ठरलेल्या वेळी परत येऊन पुन्हा हजेरी द्यायची. ती चुकली, किंवा ठरवून दिलेल्या परिसराबाहेर पाऊल गेले, तर बंदिस्त तुरुंगात परत रवानगी होते. ही एक भीती तटबंदीचे काम करते.

दुसरा आधार कुटुंबाचा. येथे पत्नी आणि मुले सोबत राहू शकतात. बापाच्या शिक्षेमुळे ज्या मुलांनी त्याला वर्षानुवर्षे केवळ जाळीआडून पाहिले, ती त्याच्या शेजारी बसून अभ्यास करतात. दैनंदिन कारभार कैद्यांनीच निवडलेली बंदी पंचायत पाहते. हजेरी, स्वच्छता, आपसांतील तंटे, वर्गणी हे सारे तिच्याकडे असते. त्यामुळे तुरुंगाचे कर्मचारी अगदी थोडे पुरतात. जो कैदी स्वतःचे अन्न स्वतः मिळवितो आणि स्वतःची राखणही स्वतःच करतो, त्याचा सरकारी तिजोरीवर भार किती हलका पडत असेल, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

तरीही येथील जीवन सुखाचे आहे असे म्हणता येणार नाही. सर्वांत कठीण असते पहिले काम मिळविणे. पत्ता विचारला की तुरुंगाचे नाव सांगावे लागते, आणि समोरच्याचा चेहरा बदलतो. काहींना सुटकेनंतरही ही वस्ती सोडवत नाही, कारण बाहेर त्यांना ओळख देणारे कोणी उरलेले नसते.

‘ओळख देणे’ हा शब्द लिहिताना मला माझी एक जुनी चूक आठवते. १९९०च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. चाळिशीतील एक गृहस्थ बचत खाते उघडण्यासाठी आले. खुल्या कारागृहातून सुटून ते एका डाळ गिरणीत तोलाईचे काम करीत होते. हे त्यांनी स्वतः होऊन सांगितले. लपविले असते तर मला कळलेही नसते. त्या काळी जुन्या खातेदाराची ओळख लागे. गिरणीचे मालक सही देण्यास तयार होते. नियमाने एवढे पुरेसे होते. तरीही मी पत्त्याच्या पुराव्याचे निमित्त काढून त्यांना परत पाठविले. त्यांनी अर्जाची नीट घडी केली, “बरं साहेब” म्हणाले आणि निघून गेले.

काही महिन्यांनी ते मालक शाखेत आले असता मी सहज चौकशी केली. ते म्हणाले, “गोदामाची किल्ली त्याच्याकडेच असते. वर्षाअखेरीस माल मोजला, एक पोतेही कमी भरले नाही. पगारातली बाकी तो माझ्याकडेच ठेवतो. बँक त्याचे पैसे घेत नाही ना!” मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. तारण पाहून कर्ज देण्याचे शिक्षण मला मिळाले होते. माणूस पाहून विश्वास टाकण्याचे त्या व्यापाऱ्याला कोणी शिकविले नव्हते, तरी त्यांना ते माझ्याहून अधिक कळत होते. खाते पुढे उघडले गेले, पण ते माझी बदली झाल्यावर.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानच्या काळात कैद्यांची मुक्त वसाहत वसली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा तीत पुढाकार होता. व्ही. शांताराम यांच्या १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे तीच प्रेरणा होती आणि कथा त्याच परिसरातील ग. दि. माडगूळकर यांची होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेही राममूर्ती प्रकरणात जिल्ह्याच्या ठिकाणी खुली कारागृहे असावीत, असे मत नोंदविले.

अशी कारागृहे उभारणे शासनाचे काम आहे. परंतु तेथून सुटलेल्या माणसाला सकाळी जायला एखादे दुकान, गिरणी किंवा गोदाम मिळणे आपल्या हाती आहे. उद्या असा कोणी आपल्या पेढीवर आला आणि आपला पूर्वेतिहास स्वतः होऊन सांगू लागला, तर त्याला प्रथम खुर्ची द्यावी, पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग निर्णय करावा. मी त्या दिवशी खुर्चीही दिली नव्हती.